युनिफॉर्मचं बिल नेमकं कुठे फुगतं आणि कुठे कमी करता येतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत, दोघं एकाच सीबीएसई शाळेत, शाळेने यंदा शर्टाचा चेक्स बदलला, ठरलेल्या एकाच दुकानातून घ्यायला लावलं आणि बिल झालं १२ हजार ४९० रुपये, घरात पगार एकट्याचा. तर हे एवढं खरंच लागतं का, पुढच्या वर्षी कमी कसं करायचं, आणि मुलाचे जुने चार चांगले शर्ट कपाटात पडलेत त्यांचं काय करायचं.

मी सोलापूरचा. ३१ वर्षं युनिफॉर्म शिवतोय, आधी वडिलांच्या एका मशीनवर, आता बारा मशीन आहेत आणि समोर छोटं दुकान. बाहेरच्या लोकांना सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल एवढंच माहीत असतं पण इथे शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा मोठा आहे, इथला माल दुसऱ्या राज्यांत जातो, परदेशात पण जातो. पूर्व भागात घराघरात मशीन चालतात, कोण कॉलर करतं, कोण फक्त काज-बटण. म्हणजे ज्या गावात देशभरच्या पोरांचे शर्ट शिवले जातात त्याच गावातली आई जूनमध्ये दुकानात उभी राहून पर्समधल्या नोटा मोजते, हे मी दरवर्षी बघतो. त्यामुळे थोडं मोकळं लिहितो, धंद्यातल्या काही लोकांना आवडणार नाही.

आधी तुमचं बिल बघू, तुम्ही सगळे आयटम लिहिलेत ते बरं केलंत. मुलाचा चेक्सचा हाफ शर्ट ५८० ला एक, असे दोन. सहावीच्या पोराच्या शर्टाला ५८ पन्ह्याचं, म्हणजे ५८ इंच रुंदीचं, कापड साधारण एक मीटर लागतं. टेरिकॉटचं बरं शर्टिंग होलसेलला १३० च्या आसपास मिळतं. शिलाई ७५, बटण, कॉलरचं फ्युजिंग, दोरा, पिशवी धरून २०, खिशावरचा लोगो मशीन एम्ब्रॉयडरीने १२. झाले २३७. कारखानदार त्यावर आपलं सोडवून २८० ला देईल आणि दुकानदाराने भाडं, माणसं, जीएसटी सगळं काढून ३६०-३८० ला विकला तरी त्याचं नीट भागतं. हे माझ्या दुकानाचे आकडे आहेत, पुण्या-मुंबईत भाडं जास्त म्हणून अजून तीस-चाळीस धरा. मग ५८० कसे झाले? वरचे दोनशे कापडात नाहीत, शिलाईत पण नाहीत. पँटचं तसंच, कापड २२०, शिलाई ११०, चेन-हूक-खिशाचं अस्तर ३५, म्हणजे ३६५ ची वस्तू आणि तुम्हाला लावली ७२०.

ते दोनशे कुठे जातात ते सांगतो, दोन ठिकाणी जातात आणि दोन्ही समजून घ्या कारण एक चोरी आहे आणि एक चोरी नाही.

चोरी नाही ती आधी. आमच्या लहानपणी पांढरा शर्ट, खाकी चड्डी, मुलींना निळा स्कर्ट पांढरा ब्लाऊज. गावातल्या कुठल्याही कापडवाल्याकडे खाकी आणि पांढऱ्याचा ताका असायचाच, कुठल्याही शिंप्याकडे टाका, या शाळेचं नाही खपलं तर त्या शाळेचं खपेल, कापड पडून राहायची भीतीच नव्हती म्हणून स्वस्त होतं. आता प्रत्येक शाळेला स्वतःचा चेक्स पाहिजे. चेक्स म्हणजे सूत आधी रंगवून मग विणायचं, आणि खास तुमच्यासाठी वेगळा चेक्स पाहिजे असेल तर हजार-दीड हजार मीटरच्या खाली कोण माग लावत नाही. समजा शाळेत ८०० पोरं. पहिल्या वर्षी सगळे दोन-दोन शर्ट घेतात तेव्हा १६०० मीटर कसंबसं खपतं. दुसऱ्या वर्षी फक्त नवीन ॲडमिशन आणि वाढलेली पोरं, म्हणजे ५००-६०० मीटर, पण कापड तर परत हजारच्या वरच आणावं लागतं. राहिलेला ताका दुसऱ्या कुठल्या शाळेला चालत नाही, शर्टाचं सोडा त्याचं पडदा पण कोण शिवत नाही. वर शाळेने तीन वर्षांनी चेक्स बदलला की दुकानदाराच्या माळ्यावर २०० शर्ट मेले. माझ्या माळ्यावर आज पण एका बंद पडलेल्या शाळेचे मरून रंगाचे ट्युनिक आहेत, उंदरांनी खाल्ले नाहीत एवढंच. हा धोका दुकानदार किमतीत लावतो, मी पण लावतो, लावावाच लागतो.

आता दुसरी. शाळा आणि दुकान यांचं टायअप. याला कोणी कमिशन म्हणतं, कोणी गॅदरिंगची स्पॉन्सरशिप, कोणी सरळ पाकीट. शंभरातले दहापासून पंचवीसपर्यंत मी ऐकलंय. ऐकलंय कशाला, दिलेत. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेचं काम मिळावं म्हणून मी प्रत्येक सेटमागे ठरलेली रक्कम द्यायला हो म्हणालो होतो, नाव सांगत नाही, दोन सीझन दिली, आणि ती मी माझ्या खिशातून नाही दिली, शर्टामागे साठ रुपये वाढवून पालकांच्या खिशातून दिली. तिसऱ्या वर्षी दुसरा कोणीतरी जास्त द्यायला तयार झाला आणि माझं काम गेलं, शिवून ठेवलेला माल अंगावर पडला. तेव्हापासून टायअपचं काम घेत नाही, धंदा लहान राहिला पण झोप लागते. हे साधुपणा म्हणून नाही सांगत, सिस्टिम कशी चालते ते कळावं म्हणून सांगतोय. टायअप आहे का ते ओळखायचं सोपं आहे. शाळेने नुसता कापडाचा रंग, नमुना सांगितला तर टायअप नाही, शाळेने दुकानाचं नाव सांगितलं आणि तो चेक्स बाकी कुणाकडेच मिळत नाही म्हणजे आहे. आणि चेक्स वारंवार बदलतोय म्हणजे नक्कीच आहे, कारण मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला जाऊ नये ही त्यात सोय असते.

कायदा म्हणाल तर कागदावर आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्रात २००४ सालचा शासन निर्णय आहे की शाळेने पालकांना अमुक दुकानातूनच साहित्य, गणवेश घ्या अशी सक्ती करायची नाही. सीबीएसईने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना परिपत्रक काढून सांगितलं की पुस्तकं, युनिफॉर्म विकायचा धंदा शाळेत करू नका. उत्तर प्रदेशात २०१८ च्या फी कायद्यात सलग पाच वर्षं युनिफॉर्म बदलता येत नाही असं आहे, दिल्ली सरकारने खाजगी शाळांना तीन वर्षं सांगितलीत. पण नुसता कागद घेऊन तुम्ही जूनमध्ये, तुमच्या केसमध्ये एप्रिलमध्ये, ऑफिसात गेलात तर क्लार्क गोड बोलून सांगतो की मॅडम सक्ती नाहीये, कुठूनही घ्या फक्त हाच चेक्स पाहिजे. झालं. चेक्स एकाकडेच.

म्हणून माझं खरं सांगणं हे आहे की तुम्ही लोक चुकीच्या महिन्यात भांडता. बिल हातात आल्यावर भांडता. तोपर्यंत कापड विणून, कापून, शिवून, इस्त्री करून पिशवीत गेलेलं असतं, त्यावर दुकानदाराने व्याजाने पैसे उचललेले असतात, तो काय आणि शाळा काय, कोणी मागे फिरणार नाही. युनिफॉर्म ठरतो दिवाळी ते जानेवारीच्या दरम्यान. आम्हाला सँपल मागतात ते नोव्हेंबर-डिसेंबरात, ऑर्डर जानेवारीत पक्की होते, फेब्रुवारीपासून मशीन चालू. तर काय करायचं ते डिसेंबरात. आपल्याकडे २०११ चा फी नियमन कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघातून कार्यकारी समिती करायची असते आणि पालकांचे प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, शाळेने पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव या समितीपुढे सहा महिने आधी ठेवायचा असतो. ती मीटिंग साधारण याच काळात येते. तिथे फीसोबत युनिफॉर्मचा विषय काढा, तोंडी नाही, दहा-बारा पालकांच्या सह्यांचं पत्र द्या आणि पोच घ्या. मागणी एकदम "युनिफॉर्म रद्द करा" अशी करू नका, त्याने काही होत नाही आणि माझं मत विचाराल तर युनिफॉर्म असावाच, रोज वेगळे कपडे घालायचे म्हटलं तर सहावीच्या पोरासोबत घरात रोज सकाळी भांडण आणि खर्च जास्त. मागणी अशी करा की शर्ट प्लेन करा, बाजारात कुठेही मिळणाऱ्या रंगाचा, पँट नेव्ही ब्लू नाहीतर ग्रे, आणि लोगो वेगळा द्या, कापडी बिल्ला, २५-३० रुपयांना, जो पालक घरी शिवून घेतील. एवढ्या एका बदलाने शर्ट ५८० वरून साडेतीनशेच्या खाली येतो आणि शाळेची ओळख पण राहते. हे नाही जमलं तर निदान लिहून घ्या की पाच वर्षं चेक्स बदलणार नाही आणि कमीत कमी तीन दुकानांत मिळेल.

आमच्या इथल्या एका शाळेत पालकांनी हे केलं, त्यातले एक आमचेच गिऱ्हाईक होते, माझ्याकडून कापडाचे दर लिहून घेऊन गेले. मुख्याध्यापक बाई आधी चिडल्या, मग बोलता बोलता कळलं की त्यांना स्वतःला पण माहीत नव्हतं ८०० पोरांसाठी खास चेक्स विणणं किती महाग पडतं, त्यांना वाटायचं रंग निवडला की झालं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाकीटच असतं असं नाही, कधी कधी नुसती हौस असते. कॅटलॉग बघून निवडलेलं असतं.

हौसेवरून ब्लेझर. ताई, तुमच्या बिलात १६०० चा ब्लेझर आहे. आमच्या सोलापुरात ऊन चाळीसच्या वर जातं आणि तिथल्या शाळांत पण ब्लेझर असतो, वर्षातून तीनदा घालतात, २६ जानेवारी, गॅदरिंग आणि ग्रुप फोटो. पुढच्या वर्षी हात तोकडे. ब्लेझर लिखित सक्तीचा आहे का ते सर्क्युलर उघडून वाचा, बहुतेक ठिकाणी "अपेक्षित" नाहीतर "ऑप्शनल" लिहिलेलं असतं आणि दुकानदार सेटमध्ये घुसडतो. मी तरी घेऊ नका म्हणेन, नाहीतर वरच्या वर्गातल्या कोणाचा घ्या, ब्लेझर कधीच झिजत नाही, नवाच असतो. जीएसटीचं पण एक बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि बुटांवर ५ टक्के झालाय. आधी कपडा हजाराच्या वर गेला की १२ टक्के लागायचा म्हणून ब्लेझरवर जास्त पडायचा. दुकानदाराने जुनाच दर लावलाय का ते बिलावर तपासा, बिलच देत नसेल तर मागा.

आता घरात काय करता येतं, हा माझा खरा विषय.

सहावी ते आठवी पोरं ताडमाड वाढतात, मुली तर थोड्या आधीच, पाचवीपासून. या वयात सुरुवातीलाच दोन सेट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एक सेट आत्ता घ्या, दुसरा दिवाळीनंतर, तेव्हाच्या मापाने. दिवाळीनंतर दुकानात गर्दी नसते, दुकानदार दहा-पंधरा टक्के सोडतो, आणि मापात बदल करून मागितला तर शांतपणे करून पण देतो, जूनमध्ये तो तुमच्याकडे बघत पण नाही. अडचण एकच, पावसाळा. एकच सेट असेल तर जुलैत वाळत नाही. म्हणून जुन्या वर्षीचा एक शर्ट-पँट पावसाळ्यापुरता चालवा, जरा तोकडा दिसला तरी, आणि टेरिकॉट पिळून पंख्याखाली टाकलं तर सकाळपर्यंत वाळतं, कॉलर आणि कफ मात्र ओलसर राहतो तेवढ्यावर इस्त्री फिरवायची.

माप घेताना लोक सरसकट दोन साईज मोठं घेतात, ते चुकतं. शर्ट एक साईज मोठा चालतो, दोन साईज मोठा घेतला तर खांदा खाली उतरतो आणि पोरगं वर्गात बुजगावणं दिसतं, मुलं चिडवतात मग तो शर्ट घालतच नाही. पँट कंबरेला मापातच पाहिजे, वाढ ठेवायची ती उंचीत. इथे आमच्या शिंप्यांचा जुना शब्द आहे, माया. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ती माया. जुने शिंपी पँटच्या मोहोरीला, म्हणजे पायाच्या खालच्या कडेला, आतून तीन इंच आणि मागच्या शिवणीत दोन इंच माया सोडायचे, दोन वर्षं पँट जायची. रेडीमेडमध्ये मोहोरीला एक इंच आणि शिवणीत अर्धा, कारण हजार पँटमागे दोन-दोन इंच वाचवले की कारखान्याचे किती मीटर वाचतात बघा. तर रेडीमेड पँट घेताना लांबीला दोन-अडीच इंच जास्त घ्या आणि खालून आत दुमडून साध्या हातशिलाईने टाचून घ्या, कापू नका, दुकानदार फुकट अल्टर करतो म्हणून लोक कापून घेतात आणि सहा महिन्यांनी पँट घोट्याच्या वर. कापड पॉलिएस्टर मिक्स असेल तर दुमड सोडल्यावर जुन्या रेषेचा फार डाग दिसत नाही, ओलं फडकं टाकून इस्त्री मारली की बसतं. सुती नेव्ही ब्लूला मात्र रेषा दिसते.

मुलीच्या पिनाफोरला तर अजून सोपं आहे. घेराच्या आतल्या बाजूने कंबरेखाली एक आडवी टीप मारून दोन इंच कापड दडवायचं, वाढली की उसवायची. खांद्याच्या पट्ट्याला बटण असेल तर इंचभर खाली दुसरं काज करून घ्यायचं, वीस रुपयांत होतं. ७८० चा पिनाफोर तिसरी-चौथी दोन्ही काढतो.

आणि शर्ट फाटतो कुठे? कॉलरला. बाकी शर्ट ठणठणीत, कॉलरची घडी झिजून पांढरी पडते आणि आपण शर्ट टाकतो. कॉलर उलटवून घ्या. कॉलर उसवायची, आतली बाजू बाहेर करून परत बसवायची, अर्ध्या तासाचं काम, ५० रुपये. आमच्या वडिलांच्या काळात हे रोजचं काम होतं, आता एखादा म्हातारा मास्तरच करतो, नवीन पोरांना माहीतच नाही असं काही असतं ते. पांढऱ्या शर्टाला ब्लीच घालू नका, पॉलिएस्टर पिवळट पडतो आणि तो पिवळा परत जात नाही.

बुटाचं थोडक्यात. दोन्ही पोरांचे काळे आणि पांढरे मिळून २७०० झालेत. काळे चांगले घ्या, पांढरे साधे कॅनव्हासचे तीनशे-चारशेवाले चालतात, आठवड्यातून एक-दोन दिवस तर घालायचे. बुटाला मात्र वाढ फार ठेवू नका, अंगठ्यापुढे बोटभर बस. मोज्यांवर शाळेचा पट्टा छापलेला, ९० चा जोड, तिथे सरळ फसवणूक आहे पण त्यावर वेळ घालवू नका, लहान रक्कम आहे.

सगळ्यात मोठी बचत मात्र ज्याची आपल्याला लाज वाटते त्यात आहे, म्हणजे जुना युनिफॉर्म. आपल्याकडे थोरल्याचा धाकट्याला चालतो, चुलत भावाचा पण चालतो, पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोराचा म्हटलं की आपण काय गरीब आहोत का असं होतं. वर्गाच्या ग्रुपवर एका आईने पुढाकार घेतला की बाकीच्या येतात. निकालाच्या दिवशी सगळे शाळेत असतात, त्याच दिवशी धुवून इस्त्री केलेले कपडे साईजप्रमाणे मांडायचे, पैसे नकोत, एक द्या एक घ्या. मी आमच्या इथे एका ग्रुपला बटणं बदलून, निघालेल्या टिपा मारून फुकट देतो, माझं दिवसभराचं काम, आणि मजा म्हणजे त्या दिवशी सगळ्यात आधी येतात ते गाडीवाले पालक, कारण त्यांना हिशोब कळतो.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय की कामाला येणाऱ्या मावशींच्या पोराला महापालिका शाळेत सगळं फुकट मिळतं, मरण आम्हा मधल्यांचं. यावर जरा बोलतो. सरकारी योजनेत पहिली ते आठवीला वर्षाला दोन गणवेश आणि त्यासाठी पोरामागे ६०० रुपये, म्हणजे सेटला ३००. पहिलीच्या पोराची हाफ चड्डी-शर्ट ३०० मध्ये कशीबशी बसते, आठवीच्या मुलीचा पंजाबी ड्रेस ओढणीसकट ३०० मध्ये बसवायचा म्हणजे कापड इतकं पातळ की आतून दिसतं. दर दोघांना एकच. आधी हा गणवेश मुली, एससी-एसटी आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं एवढ्यांनाच होता, २०२३ मध्ये राज्याने बाकीच्या मुलांना पण दिला, बूट-मोजे जोडले, हे चांगलं केलं, कारण एकाच वर्गात याला मिळतो त्याला नाही हे फार वाईट दिसायचं. मग २०२४ मध्ये "एक राज्य एक गणवेश" आलं. अख्ख्या राज्याचं कापड वरून एकत्र घ्यायचं आणि शिलाई बचत गटाच्या बायकांकडून. ऐकायला छान. पण पहिल्या दिवशी शाळेत नवीन कपडा हवा आणि पावसाळा संपला तरी कित्येक शाळांत पोचला नाही, पोचला तर मापाचा नाही. स्काऊट-गाईडच्या ड्रेसचं नुसतं कापड शाळेकडे पाठवलं आणि शिलाईला १०० आणि वरखर्चाला १० असे ११० रुपये पूर्ण ड्रेसचे. माझ्याकडे दोन शिक्षक आले होते, मास्तर करून द्या म्हणून, मी शंभरात शर्ट आणि पँट दोन्ही कसं शिवू, पण त्यांचं तोंड बघून थोडे केले. त्याच डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. शिंपी शाळेत जाऊन पोराच्या छातीला टेप लावतो तेव्हाच कपडा मापाचा होतो हो, मंत्रालयात बसून पोराची छाती कशी मोजणार. तर मावशींना फुकट मिळतं ते असं मिळतं. बहुतेक वेळा त्या दुसरा सेट विकतच घेतात.

आणि मावशींच्या घरात कोणी विडी कामगार असेल तर त्यांना सांगा, आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका खूप आहेत म्हणून मला माहीत. कामगार कल्याणची शिष्यवृत्ती असते, पहिली ते चौथीला गणवेश-पुस्तकांसाठी १००० रुपये, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरायचा, विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. फॉर्म भरायचे राहतात म्हणून पैसे राहतात. तसंच कोणाचं पोरगं आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खाजगी शाळेत असेल तर केंद्राच्या नियमांत त्याला पुस्तकं, गणवेश मोफत लिहिलाय. शाळा म्हणतात की राज्य सरकार पोरामागे १७ हजार ६७० रुपये देतं ते पण वेळेवर येत नाहीत, आम्ही कुठून देऊ, आणि शेवटी बाप उसने काढून घेतो. मागच्या वर्षी असाच एक जण आला, रिक्षा चालवतो, म्हणाला मास्तर एकच शर्ट द्या, पँट एकच, रोज रात्री धुतो. मी दोन दिले, दुसऱ्याचे दिवाळीला द्या म्हटलं. दिले त्याने, दोनशे-दोनशे करून. असे उधार बुडत नाहीत हा माझा अनुभव आहे, बुडतात ते शाळांकडचे.

एक सावध करतो, स्वस्त म्हणून ऑनलाईन मिळतंजुळतं कापड घेऊ नका. शेड अर्धा पॉईंट जरी इकडे तिकडे झाली तरी प्रार्थनेच्या रांगेत पोर उठून दिसतं आणि पीटीचे सर नेमकं त्यालाच बाहेर काढतात. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आईसोबत आली होती, पिनाफोर चांगला होता फक्त निळा जरा फिका, आठवडाभर ती शाळेत दप्तर पोटाशी धरून उभी राहायची म्हणे. पैसे पोराने मोजू नयेत एवढं सांभाळून वाचवा.

राहिले तुमचे चार जुने शर्ट. शाळेला विचारा की जुना चेक्स एक वर्ष चालवू द्या, बदल करताना वर्षभर दोन्ही चालू ठेवणं हा साधा रिवाज आहे आणि लेखी मागितलं तर बरेच मुख्याध्यापक हो म्हणतात, कारण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नसतं. नाहीच म्हणाले तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या ब्रँचला जुना चेक्स चालू आहे का बघा, असतो कधी कधी. तेही नाही तर बटणं काढून डबीत ठेवा, आणि कापड आईला नाहीतर सासूबाईंना द्या, वाकळेला चेक्स छान दिसतो. आमच्या घरच्या वाकळेत सोलापुरातल्या सहा शाळा आहेत, दोन तर आता बंद पडल्या. मुलीच्या पिनाफोरची टीप कुठे मारायची ते कळलं नाही तर कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि घेर कळवा, सांगतो.